मराठी कळफलकाची कुळकथा

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या आवडत्या साधनांची चर्चा सहसा एडिटर, डीबगर, दुसरा मॉनिटर आणि खटखट वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड यांच्याभोवती फिरते. परंतु ज्याला सातबारा, फेरफार किंवा जन्मदाखला मराठीत उतरवणारी प्रणाली घडवायची असते त्याच्यापुढे या सर्वांच्या आधी एक जुना प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे देवनागरी अक्षर यंत्रात शिरावे कसे. या प्रश्नाला उत्तर देणारी साधने तीन: बोटांखालचा कळफलक, पडद्यावर आकार उमटवणारा फॉन्ट आणि प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक नेमून देणारा तक्ता, म्हणजेच संकेतावली. या तिन्हींची कुळकथा जालना जिल्ह्यापासून सुरू करण्यास चांगले कारण आहे.

या जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ मध्ये ते ज्या ठोसर घराण्यात जन्मले त्याच्याकडे कुळकर्णीपणाचे वतन होते, म्हणजे गावाच्या जमिनीचा आणि वसुलीचा हिशेब लिहिणे हेच त्या घराचे काम होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि अध्यात्माच्या ग्रंथात तो काहीसा अनपेक्षित वाटला तरी दफ्तराच्या घरात वाढलेल्या माणसाच्या हातून तो लिहिला गेला यात नवल नाही. देशोदेशीचे बरू कसे निवडावेत, पानावर शिशाने रेघा आखून मगच कसे लिहावे, ओळींमधले अंतर कमीजास्त का होऊ नये, वरच्या ओळीचे अक्षर खालच्या ओळीला का भिडू नये, हे सर्व त्यात सांगितले आहे. चहूबाजूंनी समास सोडावा, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहतो, आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण ते म्हातारपणी वाचता येत नाही, या दोन सूचना तर आजच्या पडद्यांची आखणी करणाऱ्यांनीही वाचाव्यात अशा आहेत. समासाचा विषय बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी हा आहे; दफ्तराची रोजची लिपी मात्र हात न उचलता भरभर लिहिता येणारी मोडी होती. टाक आणि बरू यांच्या काळात वर्ण आणि त्याचा आकार ही दोन वेगळी प्रकरणे नव्हती, कारण लिहिणाऱ्याचा हात दोन्ही एकाच वेळी घडवत असे.

छपाईने ती गाठ सोडवण्याऐवजी अधिक घट्ट केली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी छापले गेले, पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने अत्यंत देखणे खिळे पाडले. तरीही काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून जुळाऱ्याच्या पेटीत कित्येकशे निरनिराळे खिळे ठेवावे लागत. टाइपरायटरपुढे ही अडचण आणखी टोकाची झाली. अमेरिकेत १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने विकलेले यंत्र रोमन लिपीच्या मापाने बेतलेले होते, आणि त्याच्या सांगाड्यात देवनागरी बसवायची तर कळा पंचेचाळीसच्या आसपास, प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे सारी लिपी सुमारे नव्वद आकारांत कोंबावी लागे. अक्षरे बाराखडीप्रमाणे न देता त्यांचे तुकडे करून देणे हा त्यावरचा तोडगा होता: अर्धे अक्षर उठवायचे आणि त्याला काना जोडून ते पूर्ण करायचे, मात्रा आणि अनुस्वार यांच्यासाठी दाबल्यावरही गाडा पुढे न सरकणाऱ्या कळा ठेवायच्या. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते म्हणून ती आधी उठवावी लागे, त्यामुळे ‘कि’ लिहिताना टंकलेखकाची बोटे आधी वेलांटीवर आणि मग ‘क’ वर जात, जिभेच्या क्रमाच्या नेमकी उलट. सावरकरांच्या लिपिसुधारणेतील ‘अ’ ची बाराखडी, जिच्यात ‘इ’ ऐवजी ‘अ’ ला वेलांटी दिली जाई, ती याच अडचणीतून आली होती. यंत्राला लिपीजवळ आणण्याऐवजी लिपीलाच यंत्राजवळ नेण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो रूढ झाला नाही हे बरेच झाले.

जालन्यात मराठी टाइपरायटर उशिरा रुळला, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ हा २६ जानेवारी १९६५ पासून अमलात आल्यावर कचेऱ्यांचा पत्रव्यवहार मराठीत होऊ लागला. औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतून परतूर असे पाच तालुके काढून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला. म्हणजे हा जिल्हा कामाला लागला तेव्हा टाइपरायटरची सद्दी होती, आणि तिला संपवणारे काम त्याच सुमारास कानपूरला सुरू झाले होते.

कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या प्रयत्नातून देवनागरी चालवणारा संगणक तयार झाला आणि १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो दाखवण्यात आला. या कामातून ‘जिस्ट’ हे कार्ड निघाले. डॉस प्रणालीच्या संगणकात ते बसवले की पडद्यावर भारतीय लिपी उमटत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर हे काम तेथे आले. या परंपरेचा खरा शोध कार्डाचा नव्हता, तर एका साध्या विचाराचा होता: यंत्राने आकार साठवू नयेत, वर्ण साठवावेत, आणि आकार कोणता काढायचा ते वर्णांच्या क्रमावरून स्वतः ठरवावे. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ एवढे तीन वर्ण पुरवले की ‘क्ष’ काढणे हे यंत्राचे काम. ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिप्यांची वर्णमाला जवळजवळ एकच असल्याने एकच तक्ता सर्वांना पुरला. त्याला इस्की म्हणतात आणि भारतीय मानक म्हणून तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच विचाराचा कळफलक म्हणजे इन्स्क्रिप्ट, १९८६ पासून प्रमाण मानला गेलेला. त्याची मांडणी जवळून पाहण्यासारखी आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ‘क’ च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’ वर ‘घ’, ‘त’ वर ‘थ’, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण एकाच घरात. आणि ‘ल’ च्या डोक्यावर मराठीचा ‘ळ’. ‘जालना’ लिहिण्यासाठी इंग्रजी कळफलकावरील पी, ई, एन, व्ही, ई या पाच कळा दाबाव्या लागतात, आणि बोटे ज, काना, ल, न, काना याच क्रमाने, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने पडतात. ‘कि’ लिहिताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर येते, आणि ती डावीकडे सरकवण्याची काळजी यंत्र घेते. शाळेत वर्णमाला पाठ केलेल्याला हा कळफलक थोड्या सरावाने बसतो, तरी तो लोकप्रिय झाला नाही, कारण टंकलेखन संस्थांत तयार झालेल्या बोटांना जुन्याच जागा हव्या होत्या.

बाजाराने त्या बोटांची सोय केली, आणि तेथे घोटाळा झाला. नव्वदच्या दशकात विंडोजवर मराठी आली ती बहुतेक फॉन्टच्या वाटेने: कृतिदेव, श्रीलिपी, आकृती आणि सी-डॅकचेच सुरेख, योगेश असे फॉन्ट. त्यांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत, म्हणजे टाइपरायटरचीच पद्धत संगणकाच्या वेषात आली होती. छापील पान सुंदर येई, पण फाइलमध्ये मराठी अशी नसेच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसे, आणि खातेदाराचे नाव शोधायचे तर शोधायचे कशात, असा प्रश्न पडे. जी साधने आकाराला धरून बनली ती आपल्या यंत्राबरोबर कालबाह्य झाली, आणि त्यांत लिहिलेला मजकूर अडकून पडला.

युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती १९९१ च्या ऑक्टोबरात निघाली आणि तीत देवनागरीला मिळालेला १२८ जागांचा गट इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतला होता. म्हणजे पुढे जगभर चाललेल्या देवनागरीचा पाया कानपूर-पुण्याच्या कामात होता. विंडोज २००० पासून ही सोय घरोघरच्या संगणकात आली आणि तिच्यासोबत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा फॉन्टही. त्यानंतर मराठीत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांचे एक खास हत्यार जन्माला आले: फॉन्ट कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये उतरवणारी छोटी आज्ञावली. तिचे काम वाटते तितके सोपे नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत हमखास आढळणारा ‘कर्ज’ हा शब्द जुन्या फॉन्टमध्ये क, ज, रफार असा दिसेल तसा साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये तो क, र, हलन्त, ज असा बोलला जाईल तसा हवा असतो. म्हणून आज्ञावलीला रफार उचलून ‘ज’ च्या आधी आणावा लागतो, वेलांटी उचलून अक्षरानंतर न्यावी लागते, आणि जोडाक्षर असेल तर कुठवर न्यायची हेही ठरवावे लागते. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. अशा सेवांत नावे शोधता, जुळवता आणि पडताळता येतात ती मजकूर वर्णांत असतो म्हणूनच.

मराठीची काही दुखणी युनिकोडमध्येही उरली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या; हा फरक दाखवणारा आडवा रफार मुळात द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून मिळतो. ‘ॲ’ ला तर स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये मिळाला. त्याआधी तो ‘अ’ वर चंद्र ठेवून लिहिला जाई, आणि दोन्ही रूपे डोळ्याला सारखी दिसली तरी यंत्राला वेगळी वाटतात, त्यामुळे ‘ॲप’ हा शब्द शोधणाऱ्याला निम्मेच निकाल हाती लागण्याची शक्यता असते. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांना वेगळे क्रमांक नाहीत आणि तसे नसणे योग्यच आहे, कारण तो आकाराचा प्रश्न असून फॉन्टने सोडवायचा आहे.

मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारे कळफलक बरेच चालतात. त्यांच्या तुलनेत मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला स्वरचक्र, ज्यात व्यंजनावर बोट ठेवताच भोवती त्याची बाराखडी उघडते, अधिक मराठमोळा आहे आणि त्याला मिळायला हवी होती तेवढी दाद मिळाली नाही.

२०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात निजामकालीन दफ्तरे बाहेर निघाली. त्यांतील उर्दू आणि मोडीतली पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली हे चांगलेच झाले. पण स्कॅन म्हणजे पानाचे चित्र, आणि चित्रात नाव शोधता येत नाही, ते वाचावे लागते. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ च्या जूनमध्ये, सातव्या आवृत्तीतच मिळाली आहे. दफ्तरातली ही नावे कुणालाही शोधता यावीत असे वाटत असेल, तर चित्रे काढून भागणार नाही. मोडी जाणणारी माणसे बसवून ती पाने ओळीओळीने वर्णांत उतरवून घ्यावी लागतील.