पारा, क्ष-किरण आणि योग

लाहोर दरबारातली १८३७ सालची एक हकिगत पुढे युरोपापर्यंत गाजली. हरिदास नावाच्या एका साधूने महाराजा रणजितसिंगांच्या साक्षीने स्वतःला पेटीत बंद करवून पुरून घेतले. सुमारे चाळीस दिवसांनी त्याला वर काढले, तेव्हा तो जिवंत निघाला, असे तेथे हजर असलेल्या कॅप्टन वेड या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. खरे काय घडले याचा वाद तेव्हाही होता आणि आजही मिटलेला नाही. परंतु योग म्हणजे काय, असे त्या काळी कोणी विचारले असते, तर शंभरातल्या नव्वदांनी असलेच काहीतरी सांगितले असते: पुरून घेणे, नाडी बंद पाडणे, काट्यांवर निजणे. जत्रेत पैसे टाकून पाहायची ती वस्तू होती.

आपल्या घरांत योग जवळही होता आणि दूरही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, मूळबंध आणि कुंडलिनीचे उठणे यांचे असे वर्णन आहे की, वाचताना अंगावर काटा यावा. पण संतांनीच सामान्य माणसाला नामाची सोपी वाट दाखवून दिली, आणि सहावा अध्याय पारायणात म्हणायचा, करायचा नाही, अशी एक न बोललेली समजूत रुजली. करणारे कोण? तर नदीकाठचे, दूरच्या गुहांतले कोणी बैरागी. प्रपंच करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, डोके फिरते, असे वडीलधारी माणसे सांगत.

ही समजूत मोडण्याचे काम ज्याने अंगावर घेतले, तो मनुष्य शाळामास्तरांच्या जातकुळीतला होता, याचे मला विशेष वाटते. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली गुजरातेत डभई येथे झाला. घरची गरिबी. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते बडोद्याच्या कॉलेजात गेले. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांचा आखाडा तेव्हा भरात होता. मल्लविद्या, लाठी, कवायत आणि कवायतीचे हुकूमही देशी भाषेत, असा त्यांचा खाक्या. गुणे त्यांच्या हाताखाली तयार झाले. म्हणजे शरीर हे आधी घाम गाळून समजून घेतलेले. योग पुढे आला.

त्याच बडोद्यात, त्याच सुमारास, योगाची अगदी वेगळी एक गोष्ट घडत होती. सुरतेची काँग्रेस उधळल्यावर अरविंद घोष बडोद्यास आले आणि विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याची व त्यांची गाठ पडली. सरदार मुजुमदारांच्या वाड्यात माडीवरच्या एका खोलीत दोघे बसले. मनात विचार येऊ लागला की तो बाहेरून येत आहे असे पाहायचे आणि आत शिरण्यापूर्वीच परतवून लावायचा, एवढीच लेल्यांची शिकवण. तीन दिवसांत मन पार निःशब्द झाले, असे अरविंदांनी पुढे अनेकदा सांगितले. १९०८च्या जानेवारीत मुंबईच्या सभेत ते बोलायला उभे राहिले, तेही त्या रिकाम्या मनानेच. मनःशांतीचा याहून मोठा दाखला आपल्या अलीकडच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पण त्यात एक अडचण आहे. साक्षीदार एकच, आणि तोही ज्याचा अनुभव तोच. आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. दुसरा उपाय नाही.

गुण्यांना ही अडचण सलत असावी. ते पदवी घेऊन पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षणकार्यात शिरले. (हे अमळनेर गावही मोठे भाग्याचे. तत्त्वज्ञानमंदिर तेथे, साने गुरुजीही १९२४ साली मास्तर म्हणून तेथेच रुजू झाले.) मधल्या काळात, १९१९च्या सुमारास, नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी त्यांनी योगाचे धडे घेतले. माधवदासजी मूळचे बंगाली. त्यांचे वय शंभरापुढे गेले आहे असे भक्त सांगत. त्यांच्या शिष्यांत मणिभाई देसाई म्हणून एक तरुण होता. त्याने १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योगाची संस्था काढली आणि तो पुढे श्रीयोगेंद्र या नावाने प्रसिद्ध झाला. एका म्हाताऱ्या साधूचे हे दोन चेले. घरगृहस्थीतल्या माणसाला योग शिकवण्याचा नवा प्रघात पडला, त्याचे बरेचसे श्रेय या दोघांकडे जाते.

गुरूंनी शिकवले ते गुण्यांनी केले, गुण आला. बहुतेक शिष्य येथे थांबतात आणि गुरूचे चरित्र लिहायला घेतात. गुण्यांनी १९२०च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळाची वाट धरली. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी क्ष-किरणांच्या यंत्रापुढे उभे केले आणि उड्डियान व नौली चालू असताना पोटात नेमके काय होते ते पाहिले.

दिवाळीच्या दिवसांत, करंज्या-चकल्यांचे ताट पुढ्यात असताना, पोटाच्या आतली गोष्ट सांगणे बरे दिसत नाही. पण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. उड्डियानात श्वास पूर्ण सोडायचा, कंठ बंद ठेवायचा, आणि श्वास न घेताच बरगड्या अशा फुगवायच्या की जणू घेत आहोत. छाती व पोट यांमधला पडदा वर ओढला जातो आणि पोट पाठीकडे खोल जाते. नौलीत त्यापुढे पोटाचे मधले दोन स्नायू दांड्यासारखे उभे करायचे. आता बस्ती नावाच्या जुन्या क्रियेत योगी पाण्यात उकिडवे बसून गुदद्वारातल्या नळीने पाणी आत ओढतात. ते कसे चढते? कोणी म्हणत, गुदाचे स्नायू ओढतात. कोणी म्हणत, सिद्धी. गुण्यांनी आतड्यात रबरी नळी ठेवून तिचे दुसरे टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडले. नौली सुरू होताच पारा सरकला. आत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब, म्हणजे अंशतः निर्वात, तयार होत होता, आणि पाणी आपोआप तिकडे धाव घेत होते. या निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले: माधवदास निर्वात. गुरुदक्षिणा अनेकांनी अनेक तऱ्हांनी दिली आहे. पण आतड्यातल्या पोकळीला गुरूचे नाव देणारा शिष्य मला दुसरा माहीत नाही. त्यात विनोद वाटत असेल तर वाटू द्या. त्या माणसाच्या मनात मात्र ती पूजाच होती.

१९२४च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही. गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. नाव मोक्षाचे, आणि आत प्रयोगशाळा! शीर्षासनात, सर्वांगासनात रक्तदाब किती चढतो, प्राणायामात किती हवा आत-बाहेर होते, याचे आकडे ते छापू लागले.

एखादी श्रद्धा कसोटीला लावायची म्हणजे ती नापास होण्याचीही तयारी ठेवावी लागते. परीक्षा घेणाऱ्याला हे ठाऊक असते. भक्ताला सहसा नसते. कुवलयानंदांनी ही तयारी दाखवली. प्राणायामाने शरीराला प्राणवायू भरपूर मिळतो, हे तेव्हाच्या प्रत्येक व्याख्यात्याच्या तोंडी असे, आणि खरे म्हणजे अजूनही असते. स्वामींनी मोजून पाहिले. श्वास रोखून धरणाऱ्या प्राणायामात तेवढ्याच वेळात साध्या श्वसनापेक्षा प्राणवायू कमीच घेतला जातो, असे निघाले. त्यांनी ते तसेच छापले, आणि प्राणायामाचा गुण मज्जासंस्थेच्या बाजूने शोधावा लागेल, असे मत मांडले. स्वतःच्या मालाचा एक खपाऊ गुण दुकानदाराने आपणहून पाटीवरून पुसून टाकावा, तसे हे झाले.

पुढे नाडी बंद पाडण्याचीही गत तीच झाली. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे दिसले की, योगी श्वास रोखून छाती व पोटाचे स्नायू आवळतो, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. नाडी हाताला लागत नाही, ठोका कानाला येत नाही. विद्युत्-आलेखावर मात्र हृदय चालूच असते. लाहोरच्या पेटीभोवती जमलेल्या गर्दीला हे रुचले नसते.

मग उरले काय? गांधीजींना १९२७ साली रक्तदाबाने गाठले आणि ते नंदीच्या टेकडीवर विश्रांतीला गेले, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला. चमत्कार त्यांना नकोच होते. झोप कशी लागते, दाब किती उतरतो, एवढाच प्रश्न होता. लोणावळ्याला आणि १९३६पासून मुंबईच्या चौपाटीजवळच्या केंद्रात येणारी माणसेही बहुतेक याच प्रश्नाची होती: बद्धकोष्ठाचे व्यापारी, दम्याचे कारकून, झोप उडालेले वकील.

या मंडळींना उपयोगी पडणारे सर्वांत साधे आसन म्हणजे शवासन. नौलीत निदान पाहण्यासारखे काही आहे. शवासनात मनुष्य नुसता उताणा पडून राहतो. हठयोगप्रदीपिकेने सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच त्याला थकवा घालवणारे आणि चित्ताला विसावा देणारे म्हटले आहे. चित्ताचा विसावा पाऱ्याने मोजता येतो का? स्वामी १९६६च्या एप्रिलमध्ये निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी मुंबईचे डॉ. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरचा शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या लेखकांत कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. औषध न घेणाऱ्या गटाचा दाब चांगलाच उतरला. औषध घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मात्रा कमी करता आली. काहींना गुण आला नाही, आणि तेही त्यांनी लिहिले. रुग्णाने रोज अर्धा तास पडून राहायचे, अंग सैल सोडायचे आणि श्वास संथ ठेवून त्याच्याकडे लक्ष द्यायचे, एवढेच करायचे होते. ते नीट जमायला साधारण तीन आठवडे लागत.