चित्र व ध्वनी यांची फारकत : हिंजवडीतील गेम कन्सोल, मॉनिटर आणि स्पीकर

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रविद्येच्या इतिहासात यंत्रांची आणि त्यांच्या निर्मात्यांची चर्चा विपुल आढळते. परंतु दोन यंत्रे ज्या तारेने परस्परांस जोडली जातात, त्या तारेची चर्चा विरळाच. वस्तुतः एखादे यंत्र कोणासाठी व कोठे वापरावयाचे म्हणून घडविले गेले, हे त्याच्या मागील बाजूच्या खाचांवरून जितके स्पष्ट होते तितके त्याच्या दर्शनी भागावरून होत नाही.

हिंजवडी, माण, मारुंजी आणि वाकड या भागांत माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवसायातील तरुणांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. अशा खोलीत दूरचित्रवाणी संच असतोच असे नाही. टेबल, खुर्ची आणि संगणकाचा मॉनिटर मात्र बहुधा असतो. या मॉनिटरला गेम कन्सोल जोडला असता चित्र तत्काळ उमटते, पण पुष्कळदा ध्वनी ऐकू येत नाही. शेजारी चांगले स्पीकर असूनही त्यांची तार लावावयास कन्सोलवर जागा सापडत नाही. ही अडचण किरकोळ भासते. तथापि तिचे मूळ शोधू गेल्यास असे आढळते की, दूरचित्रवाणी संच घरासाठी आणि मॉनिटर कचेरीसाठी अशी जी विभागणी विसाव्या शतकात झाली, तिचा हा अवशेष आहे. ही विभागणी कशी घडली आणि हिंजवडीत ती कशी मोडू लागली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२. एक तार, एक वाहिनी

घरगुती गेम कन्सोलचा आरंभ १९७२ साली अमेरिकेत झाला. सँडर्स असोसिएट्स या कंपनीतील अभियंते राल्फ बेअर यांनी १९६६ पासून केलेल्या प्रयोगांतून ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे यंत्र निघाले. बेअर यांच्यापुढील प्रश्न मुख्यतः जोडणीचा होता. तत्कालीन दूरचित्रवाणी संचास बाहेरून चित्र देण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे अँटेनाचा. म्हणून यंत्राने एका लहानशा प्रक्षेपण केंद्राचे सोंग घ्यावे आणि आपले चित्र एखाद्या रिकाम्या वाहिनीवर पाठवावे, अशी योजना त्यांनी केली. ओडिसीला ध्वनी नव्हता. १९७५ च्या घरगुती ‘पाँग’ यंत्रात स्पीकर यंत्राच्या पेटीतच बसविलेला होता. १९७७ च्या अटारीच्या यंत्रापासून ध्वनीही चित्रासोबत दूरचित्रवाणी संचात जाऊ लागला.

ओडिसी अमेरिकेत विक्रीस आले त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे सिंहगडावरील केंद्रामार्फत तेथील कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असून सेकंदाला २५ पूर्ण चित्रे दाखविली जात. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा रेखाटल्या जात. ध्वनीची वाहक लहर चित्राच्या वाहक लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असे. दोन्ही लहरी एकाच तारेतून येत आणि त्यांना वेगळे करण्याचे काम संचाकडे असे. संचात पडद्याबरोबर स्पीकर असणे हे गृहीतच होते, कारण बातम्या, नाटक वा चित्रपट मूकपणे पाहण्यासाठी कोणी संच घेत नसे.

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत ‘टीव्ही गेम’ या नावाने शिरलेली यंत्रे याच व्यवस्थेवर विसंबून होती. त्यांतील बहुतेक यंत्रे निन्टेन्डोच्या १९८३ च्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती. अँटेनाची वायर काढून यंत्राची वायर लावावयाची आणि चित्र स्थिर होईपर्यंत वाहिनीचे बटण फिरवावयाचे, हा विधी त्या पिढीतील अनेकांच्या परिचयाचा आहे. पुढे पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या टोकांच्या वायरी रूढ झाल्या. पिवळ्या वायरीतून चित्र, पांढरीतून डावा ध्वनी व तांबडीतून उजवा, अशी वाटणी झाली. चित्र व ध्वनी यांच्या तारा येथे निराळ्या झाल्या खऱ्या, पण त्या तिन्ही एकाच संचात जात असल्याने वापरणाऱ्यास त्याची झळ पोहोचली नाही.

३. कचेरीचा पडदा

मॉनिटरचा इतिहास याहून निराळा आहे. आरंभी घरगुती संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांचे नाते जवळचे होते. ब्रिटनमधील ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा संगणक अँटेनाच्या खाचेतूनच संचाला जोडला जाई. त्याच्या ‘स्पेक्ट्रम प्लस’ या सुधारित आवृत्तीची भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये परवान्याने काढली. या संगणकाचे चित्र दूरचित्रवाणीवर दिसे, पण ध्वनी मात्र संगणकाच्या पोटातील लहानशा स्पीकरमधून निघे. याउलट, घरगुती संगणकासाठी म्हणून १९८३ च्या सुमारास निघालेल्या ‘कमोडोर १७०२’ या मॉनिटरमध्ये स्पीकर बसविलेला होता. मॉनिटर मुका असणे ही तांत्रिक अपरिहार्यता नव्हती, हे यावरून सिद्ध होते.

मॉनिटर मुका झाला तो कचेरीत. आयबीएमच्या संगणकांपुढे बसणाऱ्या माणसाला हिशेबाचे तक्ते व मजकूर वाचावयाचा होता. १९८७ मध्ये आयबीएमने रूढ केलेल्या ‘व्हीजीए’ पद्धतीच्या पंधरा टाचण्यांच्या जोडणीत तीन रंग आणि दोन समकालन संकेत यांना स्थान होते, ध्वनीला नव्हते. संगणकाला ध्वनी हवाच असेल तर त्याने तो साउंड कार्डातून काढावा व निराळ्या स्पीकरकडे पाठवावा, अशी व्यवस्था पुढे रूढ झाली. संगणकावर काम करणाऱ्यास तीत गैरसोय वाटली नाही, कारण संगणकावर ध्वनीची खाच होतीच. व्हीजीए मॉनिटर सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा रेखाटी, म्हणजे दूरचित्रवाणीच्या जवळजवळ दुप्पट. परिणामी टीव्ही गेमची वायर कशीबशी मॉनिटरला जोडली तरी चित्र स्थिर होत नसे. घरातील पडदा आणि कचेरीतील पडदा यांची भाषाच वेगळी झाली होती.

हे अंतर ओलांडण्याचे प्रयत्न कन्सोलच्या बाजूने झाले. सेगाच्या १९९८ च्या ‘ड्रीमकास्ट’साठी व्हीजीए जोडणीची पेटी मिळे. २००५ साली निघालेल्या आणि सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आलेल्या ‘एक्सबॉक्स ३६०’ साठी व्हीजीए केबल मिळे. तिच्या एका टोकातून मॉनिटरकडे चित्र जाई आणि ध्वनीसाठी पांढऱ्या व तांबड्या वायरी मोकळ्या असत. त्या स्पीकरला लावणे सोपे होते. जोडणी विस्कळीत दिसे, परंतु ध्वनी कोठून कोठे जातो हे डोळ्यांना दिसत असे.

४. पुनर्मीलन आणि त्याची किंमत

डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन व तोशिबा या सात कंपन्यांनी ‘एचडीएमआय’ ही जोडणी जाहीर केली. तिचा पाया १९९९ च्या ‘डीव्हीआय’ या संगणकीय जोडणीत होता. डीव्हीआयमध्ये ध्वनीची तरतूद नव्हती. एचडीएमआयने ती केली, आणि ज्या रीतीने केली ती इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

पिक्चर ट्यूबमध्ये प्रत्येक रेषेच्या आणि प्रत्येक चित्राच्या अखेरीस इलेक्ट्रॉनचा झोत मागे परतण्यास थोडा अवधी द्यावा लागे. त्या अवधीत पडदा कोरा राही. सपाट पडद्यांना या विश्रांतीची गरज नाही; तरीही संकेताच्या रचनेत ती कायम राहिली. १,०८० रेषांच्या चित्रासाठी प्रत्यक्षात १,१२५ रेषांचा काळ खर्च होतो आणि १,९२० बिंदूंच्या रेषेसाठी २,२०० बिंदूंचा. एकूण काळाचा सुमारे सहावा हिस्सा असा कोरा असतो. एचडीएमआयने ध्वनी याच कोऱ्या अवधीत भरला. पिक्चर ट्यूब घरांतून गेली, पण तिने मागे ठेवलेल्या रिकाम्या जागेत आज ध्वनी वाहतो.

याप्रमाणे चित्र व ध्वनी पुन्हा एका तारेत आले. मात्र ती तार ज्या पडद्याकडे जाते त्याला कंठ असेलच याची शाश्वती राहिली नाही. दूरचित्रवाणी संचात स्पीकर असल्याने तेथे प्रश्न उद्भवत नाही. मॉनिटरमध्ये स्पीकर नसेल आणि ध्वनी बाहेर काढण्याची ३.५ मिलिमीटरची खाचही नसेल, तर आलेला ध्वनी तेथेच लुप्त होतो. एचडीएमआयचे टोक बदलून जुन्या डीव्हीआय मॉनिटरला जोडल्यास चित्र मिळते, ध्वनी मिळत नाही. शिवाय ‘एचडीसीपी’ या नक्कलप्रतिबंधक व्यवस्थेस न ओळखणाऱ्या मॉनिटरवर ‘प्लेस्टेशन ३’चे एचडीएमआयमधून आलेले चित्रही उमटत नसे. पूर्वी तार जोडली की संकेत जाई. आता समोरच्या यंत्राची ओळख पटल्यावाचून तो जात नाही. जोडणी सुटसुटीत झाली, पण वापरणाऱ्याचे तिच्यावरील नियंत्रण कमी झाले.

हे नियंत्रण पुढील यंत्रांत आणखी आक्रसले. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली प्रकाशतंतूची ध्वनिजोडणी ‘प्लेस्टेशन ४’ व ‘एक्सबॉक्स वन’ यांवर होती. २०२० मध्ये निघालेल्या ‘प्लेस्टेशन ५’ व ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ यांवर ती नाही. सुस्थितीतील जुने स्पीकर त्यामुळे एका मधल्या पेटीवाचून निरुपयोगी ठरू लागले. पडद्याच्या आकारमानाचीही हीच कथा आहे. २,५६० गुणिले १,४४० बिंदूंचे चित्र हे मुख्यतः संगणकाच्या मॉनिटरचे माप. प्लेस्टेशन ५ ने ते सप्टेंबर २०२२ मधील सुधारणेनंतर स्वीकारले. तोवर हे यंत्र दूरचित्रवाणीचीच मापे जाणत होते.

५. हिंजवडीतील टेबल

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे म्हातोबाच्या उत्सवासाठी परिसरात प्रसिद्ध असलेले शेतकऱ्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविण्यास आरंभ केला. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या औद्योगिक वसाहतींत कामगाराचे अवजार कारखान्याच्या फाटकाआत राही. हिंजवडीतील नव्या कामगाराचे अवजार म्हणजे पडदा आणि कळफलक. आरंभीची वर्षे तेही बव्हंशी कचेरीतच राहिले.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ही सीमा कोसळली. अनेक कंपन्यांनी संगणक व मॉनिटर कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचविले. कित्येकांनी स्वतः विकत घेतले. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आले, तेव्हा कचेरीचा पडदा घरातील टेबलावर स्थिरावला होता. दिवसा ज्याच्यावर काम चाले त्याच्यावरच रात्री खेळ चालू लागला. घर व कचेरी यांसाठी स्वतंत्रपणे घडविलेल्या दोन वस्तू अशा रीतीने एका टेबलावर आल्या, आणि त्यांच्यातील विसंगती ध्वनीच्या अभावाने प्रकट झाली.

या विसंगतीवर रूढ झालेले उपाय चार आहेत. मॉनिटरवर ध्वनीची खाच असल्यास स्पीकरची तार तेथे लावणे, हा सर्वांत सरळ मार्ग. स्पीकरमध्ये स्वतःचा ॲम्प्लिफायर असणे मात्र आवश्यक असते, कारण त्या खाचेतून येणारा संकेत क्षीण असतो. दुसरा मार्ग कन्सोलच्या हातातील कंट्रोलरवरील खाचेचा. तो इयरफोनला सोयीचा, पण स्पीकरसाठी तार ताणावी लागते. तिसरा मार्ग यूएसबीमधून चालणाऱ्या ध्वनिसाधनांचा. चौथा, कन्सोल व मॉनिटर यांच्यामध्ये एक लहान पेटी बसविण्याचा. ती एचडीएमआयमधून ध्वनी वेगळा काढून स्पीकरकडे देते आणि चित्र पुढे जाऊ देते. कन्सोल डॉल्बीसारख्या बंदिस्त स्वरूपात ध्वनी पाठवीत असेल तर अशी साधी पेटी मौनच धरते. कन्सोलच्या सेटिंगमध्ये ‘लिनिअर पीसीएम’ निवडल्यावर ती बोलू लागते.

चौथा उपाय ऐतिहासिक दृष्ट्या विशेष बोलका आहे. सात कंपन्यांनी २००२ मध्ये जे एकत्र केले, ते पुन्हा वेगळे करण्यासाठी ही पेटी विकली जाते.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, चित्र व ध्वनी यांचे एकत्र येणे आणि वेगळे होणे हे केवळ तांत्रिक प्रगतीच्या क्रमाने घडले नाही. पडद्यापुढे बसणारा माणूस प्रेक्षक आहे की कर्मचारी, याविषयीच्या तत्कालीन कल्पनेने ते ठरविले. दोन, जोडणी जसजशी सुटसुटीत झाली, तसतसे तीतील निर्णय वापरणाऱ्याच्या हातून निर्मात्याकडे गेले. पिवळी वायर चुकीच्या खाचेत लागली तर मुलालाही चूक दिसे. एचडीएमआयच्या केबलमध्ये ध्वनी का थांबला, हे अभियंत्यासही सेटिंग पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

आजही सर्वच मॉनिटर मुके आहेत असे नाही. पुष्कळांत लहान स्पीकर बसविलेले असतात. परंतु ते बहुधा क्षीण असतात आणि बैठकीतील बोलणे ऐकण्यापलीकडे त्यांचा उपयोग होत नाही. म्हणजे मॉनिटरला कंठ फुटला तोही कचेरीपुरताच. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराच्या औद्योगिक इतिहासाची साधने आजवर कारखाने, कामगार संघटना व जमिनीचे व्यवहार यांत शोधली गेली. २०२० नंतरच्या कालखंडासाठी ती घरातील टेबलावरही शोधावी लागतील. पुण्याच्या तपकीर गल्लीतील दुकानांत मिळणाऱ्या जोडपेट्या, टाकून दिलेल्या केबली आणि पिवळ्या-पांढऱ्या टोकांचे जुने टीव्ही गेम ही त्या इतिहासाची कागदपत्रेच होत. भंगारात जाण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावयास हवी.