मेंदूतील नायट्रिक ऑक्साइड : एका मोजमापाचा इतिहास

१/ ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले. शिंदखेड्याहून धुळ्याला शिकायला जाणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नाव परके नाही. बखरींपेक्षा अस्सल, समकालीन कागदांना त्यांनी अधिक मोल दिले. साधन काय सांगते, याआधी ते विश्वासार्ह आहे का, हे पाहावे लागते.

२/ हीच कसोटी विज्ञानाच्या इतिहासातही लागते. मेंदूतील नायट्रिक ऑक्साइडचे मोजमाप हे त्याचे बोलके उदाहरण. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा एकेक अणू मिळून हा वायू बनतो. वीज कडाडली की तो हवेत तयार होतो. मोटारींच्या धुरातूनही बाहेर पडतो.

३/ दीर्घकाळ त्याची ओळख मुख्यतः प्रदूषक अशीच होती. बारामतीत १९३८ साली जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. के. एन. पटेल यांनी लॉइड क्रॉयझर यांच्यासह अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७१ मध्ये तो लेसरने मोजला. विशिष्ट प्रकाश शोषून वायू तापतो, प्रसरण पावतो. त्यातून उठणारा सूक्ष्म ध्वनी मायक्रोफोन टिपतो.

४/ १९८७ मध्ये चित्र पालटले. रक्तवाहिन्या सैल करणारा शरीरातील अज्ञात पदार्थ म्हणजे हाच वायू, हे सल्वादोर मोन्कादा आणि लुई इग्नारो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. १९८८ मध्ये जॉन गार्थवेट व सहकाऱ्यांना लहान मेंदूच्या पेशींतूनही तसाच पदार्थ बाहेर पडताना आढळला.

५/ मात्र हा पुरावा अप्रत्यक्ष होता. वायू दिसला नव्हता; त्याचा परिणाम दिसला होता. पटेलांची पद्धत येथे चालणारी नव्हती, कारण ओल्या ऊतीतील पाणीच अवरक्त प्रकाश शोषून घेते. शिवाय ऊतीत हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो.

६/ मार्ग विद्युत्-रसायनशास्त्राने दिला. १९२२ मध्ये प्राग येथे यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी विद्युत्प्रवाहावरून द्रावणातील पदार्थ ओळखण्याची पद्धत शोधली. १९५० च्या दशकात लेलंड क्लार्क यांनी पातळ पडद्याआड इलेक्ट्रोड ठेवून रक्तातील ऑक्सिजन मोजला. १९९० मध्ये जपानच्या कात्सुएइ शिबुकी यांनी त्याच धर्तीवर सूक्ष्म संवेदक घडवून उंदराच्या लहान मेंदूच्या कापांत नायट्रिक ऑक्साइड टिपला.

७/ तत्त्व सोपे आहे. योग्य विद्युत्-दाब दिला की वायूचा रेणू इलेक्ट्रॉन गमावतो आणि प्रवाह वाहतो. अडचण अशी की मेंदूतील इतर पदार्थही तसेच वागतात. क जीवनसत्त्व तर तेथे या वायूच्या हजारो पटींनी अधिक असते. मग नोंदलेला प्रवाह नेमका कोणाचा?

८/ १९९२ मध्ये टाडेउश मालिन्स्की आणि झियाद ताहा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म तंतूवर निकेलयुक्त पॉर्फिरिनचा थर दिला आणि त्यावर नॅफिऑनचा लेप चढवला. नॅफिऑनवर ऋण प्रभार असतो. तो ऋणप्रभारित क जीवनसत्त्वाला दूर सारतो. प्रभारहीन वायूला मात्र वाट देतो.

९/ लेपही पुरेसा नव्हता. म्हणून उलटतपासणी सुरू झाली. हा वायू तयार करणारे विकर औषधाने रोखायचे. संकेत मावळला तर साक्ष ग्राह्य. कायम राहिला तर बोलणारा दुसराच कोणी.

१०/ १९९३ मध्ये मालिन्स्की यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतील रक्तवाहिनी काही काळ बंद केली. वायूचे प्रमाण सुमारे १० नॅनोमोलरवरून सुमारे २,२०० नॅनोमोलरपर्यंत चढल्याची नोंद झाली. पक्षाघाताच्या संशोधनात हा आकडा महत्त्वाचा होता. अल्प प्रमाणात हा वायू निरोप्या असतो. प्रमाण फार वाढले तर तो पेशींचे श्वसनच रोखतो.

११/ २००९ मध्ये कॅथरीन हॉल आणि गार्थवेट यांनी तोवरच्या मोजमापांचा फेरविचार केला. निरोगी ऊतींसाठी पूर्वी हजारो नॅनोमोलरपर्यंतचे आकडे सांगितले गेले होते. त्यांच्या मते खरे प्रमाण ०.१ ते ५ नॅनोमोलर इतकेच असावे. म्हणजे काही जुने आकडे हजारपटीने फुगलेले होते.

१२/ यामुळे १९८८ चा शोध खोटा ठरला नाही; त्याचा अर्थ अधिक नेमका झाला. निरोगी मेंदूला या वायूचे साठे लागत नाहीत, अत्यल्प मात्रा पुरते. विशेष म्हणजे, ज्या गार्थवेट यांनी मेंदूतील या वायूची पहिली चाहूल घेतली, त्यांनीच दोन दशकांनंतर त्याच्या मोजमापांची कठोर तपासणी केली. दफ्तरखान्यात असो वा प्रयोगशाळेत, आपल्या सोयीच्या साधनाचीही चिकित्सा करावीच लागते.

(समाप्त)