अष्टफलक कोणाचा?

युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या तेराव्या खंडाला कोणा अनामिक टीकाकाराने एक छोटी टीप जोडून ठेवली आहे. प्लेटोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच सुसम बहुफलकांपैकी घन, चतुष्फलक आणि द्वादशफलक हे तीन पायथागोरसपंथीयांचे; अष्टफलक आणि विंशतिफलक मात्र प्लेटोच्या वर्तुळातला गणिती थीइटेटस याचे, असे ती सांगते. विंशतिफलकाबद्दल तक्रार नाही, वीस समभुज त्रिकोण नेमके जुळवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण अष्टफलक? चौरस पायाचे दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडले की झाला अष्टफलक. पिरॅमिड तर थीइटेटसच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधीपासून इजिप्तच्या वाळूत उभे होते. बारा पंचकोनांचा अवघड द्वादशफलक आधी आणि हा सोपा आकार नंतर, हा क्रम उलटा वाटतो. म्हणूनच काही अभ्यासकांनी ही टीप अविश्वसनीय ठरवली. विल्यम वॉटरहाउस यांनी १९७२ साली तिची बाजू घेतली, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. थीइटेटसच्या आधी अष्टफलक कोणी पाहिला नव्हता असे नाही. त्याच्याकडे वेगळे लक्ष देण्याचे कारण तोवर कोणापाशी नव्हते. ते कारण म्हणजे ‘सुसम बहुफलक’ ही कल्पना. खरा शोध तिचा आहे.

आकार डोळ्यांसमोर असणे आणि तो गणिताचा विषय होणे यांतले अंतर आपल्याकडच्या एका उदाहरणात स्वच्छ दिसते. हिरा निसर्गात पुष्कळदा अष्टफलकाच्या रूपात सापडतो. संस्कृत रत्नशास्त्राने खाणीतल्या उत्तम हिऱ्याचे लक्षण सांगताना सहा टोके, आठ बाजू आणि बारा धारा अशी चोख मोजदाद केली आहे. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेतही ती येते. सहा आणि आठ मिळवून बारा वजा केले की दोन उरतात. कोणत्याही बहिर्वक्र बहुफलकात असेच दोन उरतात, हे ऑयलरने १७५०मध्ये मांडले. रत्नपारख्यांच्या हाती तिन्ही आकडे होते, पण त्यांचा प्रश्न हिऱ्याच्या गुणदोषांचा आणि किमतीचा होता. त्यांच्या नजरेत काही कमी होते असे नाही. इतर आकारांशी या आकाराचे नाते काय, हे विचारण्याची गरजच त्यांना पडली नाही.

यावर हमखास पुढे केला जाणारा आक्षेप स्कॉटलंडमधल्या कोरीव दगडी गोळ्यांचा. नवाश्मयुगातले, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे हे मुठीत मावणारे गोळे चारशेहून अधिक सापडले आहेत. त्यांवर उंचवटे कोरलेले असतात, आणि प्लेटोच्या आधी दोन हजार वर्षे तिथल्या कारागिरांना पाचही आकार ठाऊक होते, असा दावा केला जातो. टोवी इथला गोळा पाहावा. चार उंचवटे चतुष्फलकाच्या टोकांसारखे बसवलेले, त्यांतल्या तिघांवर सर्पिल आणि वलयांची अप्रतिम नक्षी, चौथा कोरा. चारही बाजू सारख्याच असणे हेच ज्याचे मर्म, त्या आकाराचा अभ्यास करणारा एक बाजू कोरी ठेवेल का? शिवाय सर्वाधिक गोळ्यांवर सहा उंचवटे आहेत, काहींवर सात, काहींवर शंभराहूनही जास्त. पाचांची निवड आपण करतो, आज, उत्तर माहीत असल्यामुळे.

इटलीतल्या द्वादशफलकाचे प्रकरण जास्त गंभीर आहे. मोंते लोफा इथे एट्रुस्कन काळातला दगडी द्वादशफलक सापडला आहे, आणि त्या देशात पायराइटचे पंचकोनी बाजूंचे स्फटिकही मिळतात. मात्र या स्फटिकाचा पंचकोन सुसम नसतो: चार भुजा सारख्या, पाचवी वेगळी. तो सुसम करून घ्यायला पंचकोनाचे वेड लागते, आणि पायथागोरसपंथीयांना ते होते. म्हणजे द्वादशफलक त्यांच्याकडे आला तो पंचकोनाच्या वाटेने, सुसम बहुफलकांच्या कुटुंबातला सदस्य म्हणून नव्हे. टीपेतला उलटा क्रम इथे उलटा राहत नाही. टीप लिहिणारा अनामिक आहे हे खरे. पण रचून सांगणाऱ्याने सोपा अष्टफलक आधी ठेवला असता. ‘रिपब्लिक’मध्ये घनभूमितीकडे कोणी लक्ष देत नाही अशी खंत करणारा प्लेटो पुढे ‘टिमेयस’मध्ये पाचही आकार विश्वरचनेला जुंपतो. मधल्या काळात काहीतरी घडले होते, आणि थीइटेटस प्लेटोच्याच वर्तुळातला.

पाचच का, याची सिद्धता शाळकरी मुलालाही समजावी इतकी छोटी आहे. प्रत्येक शिरोबिंदूशी किमान तीन बाजू हव्यात आणि त्यांच्या कोनांची बेरीज ३६० अंशांहून कमी हवी. समभुज त्रिकोण तीन, चार किंवा पाच बसतात, चौरस तीन, पंचकोन तीन (३२४ अंश). षट्कोन तीन घेतले की नेमके ३६० भरतात आणि फरशीसारखे सपाट पसरतात. तेराव्या खंडाच्या शेवटी युक्लिड हेच सांगतो, आणि तिथेच त्याची पकड जराशी सुटते. सारख्या, समभुज आणि समकोन बाजूंचा सहावा बहुफलक नाही, एवढेच त्याचे शब्द. पण दोन चतुष्फलक तळाशी जोडले तर सहा समभुज त्रिकोणांचा असा बहुफलक मिळतो! त्याच्या दोन टोकांशी तीन त्रिकोण येतात, उरलेल्या तिघांशी चार. त्याला वगळायचे तर प्रत्येक शिरोबिंदूशी बाजूंची संख्या सारखी, ही अट घालावी लागते. युक्लिडने ती गृहीत धरली, लिहिली नाही. दोन हजार वर्षे आदर्श मानलेल्या ग्रंथातली ही फट दाखवते की इथे कठीण गोष्ट सिद्धता नव्हती, व्याख्या होती.

व्याख्या बदलली की संख्याही बदलते. केप्लरने १५९६मध्ये पाच सुसम बहुफलकांवरून ग्रह सहाच का, याचा हिशेब मांडला होता. १७८१मध्ये युरेनस सापडल्यावर त्यात अर्थ उरला नाही. त्याचे टिकले ते दुसरेच काम: बाजू एकमेकींना छेदू दिल्या तर आणखी सुसम आकार मिळतात, हे दाखवणारे १६१९मधले दोन तारकाकृती बहुफलक. प्वाँसोने १८०९मध्ये आणखी दोन दिले, आणि याहून अधिक असू शकत नाहीत हे लवकरच कोशीने सिद्ध केले. त्या व्याख्येनुसार सुसम बहुफलक नऊ आहेत.