नवटाक, बेवडा आणि आंटी

झिंगलेल्याला इंग्रजीत ‘टाइट’ म्हणतात; अंधेरी-बोरिवलीच्या बोलीत तो शब्द केव्हाच रुळला. परंतु १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या काळात उपनगरांत रूढ झालेले शब्द अधिक बोलके आहेत. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. दशमान मापे आली, शेर गेला. चोरट्या दारूचा पेला मात्र ‘नवटाक’च राहिला. दोनदा गाळलेली दारू ती बेवडा. पुढे पिणाराच बेवडा ठरला! परवान्यावर पिण्याची ‘परमिट रूम’ तर पाट्यांवर अजून वाचावयास मिळते.

आम्हांला सलतो तो ‘आंटी’. गावठाणातल्या शेजारणीला आदराने मारावयाची ही हाक गुत्तेवालीचे नाव झाली. आपल्या काही घरांतून दारू विकली गेली, हे आम्ही नाकारीत नाही. पण हिंदी चित्रपटांनी झगा घातलेल्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्रीच्या हाती बाटली दिली, आणि आपणही ते पाहून हसलो.