'नो रेडिओ': मोटारीतल्या रेडिओचा लपंडाव

१९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उभ्या असलेल्या अनेक मोटारींच्या काचांवर एक पाटी दिसे: 'नो रेडिओ'. ही चोरालाच केलेली विनवणी होती. आत काही नाही, निदान काच तरी फोडू नकोस!

या विनवणीचे मूळ एका मापात सापडते. १९३० च्या दशकातील मोटार-रेडिओचा अवजड संच बहुधा डॅशबोर्डाखाली दडलेला असे. चालकाच्या हाताशी केवळ बटणे येत. पुढे जर्मन 'डिन' मानकाने रेडिओच्या दर्शनी भागाचे माप सुमारे १८० बाय ५० मिलिमीटर ठरवले आणि एकच संच अनेक गाड्यांत बसू लागला. सोय ग्राहकाची होती, पण चोरलेल्या ब्लाउपुंक्टलाही त्यामुळे सहज गिऱ्हाईक मिळे.

मग मालक सरकत्या चौकटीतून अख्खा रेडिओ उपसून हॉटेलात, कचेरीत हाती वागवू लागले. पुढे नुसती दर्शनी पट्टी सुटी होऊन खिशात मावू लागली. काहींनी संच आसनाखाली किंवा डॅशबोर्डाच्या बंद कप्प्यात बसवला. पाटीवर चोराने विश्वास ठेवावा लागे. लपवलेला रेडिओ त्याला दिसतच नसे.

अखेर कारखानदारांनीच ते समान माप सोडले. रेडिओ त्या-त्या गाडीच्या डॅशबोर्डाचाच भाग झाला, त्याला सांकेतिक अंकांचे कुलूपही आले, आणि चोरीच्या मालाची किंमत घसरली. जुन्या मोटारींचे शौकीन आजही रेडिओ कप्प्यात लपवतात, पण मूळ डॅशबोर्डाला भोक पडू नये म्हणून.