शेंगदाण्याच्या दुधाचं कूळ

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडे कुरडयांसाठी गहू भिजत पडतो. तीन दिवस पाणी बदलत ठेवायचा, वाटायचा, फडक्यातून पिळायचा, चोथा बाजूला काढायचा. भांड्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो. वरचं पाणी ओतून तो शिजवायचा. याच कृतीत गव्हाऐवजी भुईमुगाचे कच्चे दाणे घेतले, तर फडक्यातून जे पांढरं उतरतं ते शेंगदाण्याचं दूध. गव्हाच्या चिकातला स्टार्च तळाला जातो, दाण्यांचं तेल आणि प्रथिनं मात्र पाण्यातच राहतात, एवढाच काय तो फरक. त्यामुळे बदाम, सोया, ओट यांच्या खोक्यांकडे परक्या शहरातून आलेलं नवल म्हणून बघणं मला पटत नाही. पिळून काढायची ही रीत खानदेशच्या बायकांच्या हातात आधीपासून आहे.

परका होता तो भुईमूग. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पण इथल्या मातीत तो असा रुजला की पुढे जळगावनेच जगाला वाण दिलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून ‘जेएल-२४’ बाहेर आलं. ‘फुले प्रगती’ हे त्याचंच नाव. तैवानहून आलेल्या बियाण्यातून निवड करत ते तयार झालं, आणि लवकर पक्व होणारं म्हणून शेतकऱ्यांनी उचललं. आफ्रिकेतल्या मलावीत हेच वाण ‘काकोमा’ नावाने पेरलं जातं. खानदेशातल्या किती घरांना हे ठाऊक असेल?

आता दुधाकडे. १९२१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे भुईमुगाचे नाना पदार्थ मांडले, त्यांत हे दूधही होतं. आपल्याकडे वनस्पतींच्या दुधाची सगळ्यांत कठोर परीक्षा गांधीजींनी स्वतःच्या शरीरावर घेतली. दूध न पिण्याचं त्यांचं व्रत होतं. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचं मुख्य खाणं म्हणजे वाटलेले शेंगदाणे आणि लिंबू. त्याच वर्षी ते मरणाच्या दारात पोचले. मुगाचं पाणी, मोहाचं तेल, बदामाचं दूध असं सगळं करून पाहिलं, पण अंगात ताकद येईना. शेवटी कस्तुरबांनी सुचवलं, व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं दूध का नको? १९३६ च्या डिसेंबरात ते काँग्रेस अधिवेशनाला फैजपूरला आले, तेव्हा शेळीच्या दुधाला सतरा-अठरा वर्षं होत आली होती. तरी शोध त्यांनी सोडला नव्हता. आदल्याच वर्षी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाऊन पाहण्याचा प्रयोग त्यांनी चालवला होता. दुधावाचून गरिबाला पोषण कसं मिळेल, हा प्रश्न त्यांना खरोखर छळत होता.

तोच प्रश्न पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हाती घेतला. तेल काढल्यावर राहणारी शेंगदाण्याची पेंड आपण म्हशीला घालतो आणि तिच्याकडून दूध घेतो. या वाटेत बरीचशी प्रथिनं म्हशीच्या स्वतःच्या जगण्यात खर्ची पडतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी शेंगदाण्यातली प्रथिनं वेगळी काढून थेट दुधातच मिसळली, म्हणजे थोड्या दुधात जास्त मुलांचं भागेल. त्या मिश्रणाचं नाव ‘मिलटोन’. बंगळूरला ते मुलांना दिलंही गेलं. मला या सगळ्या कुळात हाच सगळ्यांत शहाणा वारस वाटतो, कारण त्याने दुधाला हटवायचा आव आणला नाही. पण भुईमुगाच्या मागे बुरशीचं संकट होतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, आणि शेंगदाण्याच्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष उघड झालं. तेव्हापासून दाणा तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उपयोगाचा हिशोब सरळ आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत प्रथिनं साधारण २५ ग्रॅम. त्यांचं एक लिटर दूध केलं, तर चोथ्यात राहणारी वजा जाता प्रथिनं दोन टक्क्यांच्या आसपास उरतात. गाईच्या दुधात ती तीन टक्क्यांहून जास्त असतात. कॅल्शियममध्ये तर तुलनाच नको. त्या अख्ख्या लिटरमध्ये जेमतेम ९० मिलिग्रॅम, आणि गाईच्या शंभर मिलिलिटर दुधातच सुमारे १२०. बी-१२ शून्य. म्हणून तान्ह्या बाळाला दुधाऐवजी हे पाजणं सरळसरळ धोक्याचं आहे, आणि ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊच नये. ज्यांना दुधातली साखर पचत नाही अशा मोठ्या माणसांना मात्र त्याचा आधार होऊ शकतो. कॅल्शियम दुसरीकडून घ्यावं लागेल, नाचणी-तिळातून.

चवीचं म्हणाल तर कच्च्या दाण्याच्या दुधाला हिरवट वास येतो. दाणे रात्रभर भिजवून सालं काढली, आणि पिळलेलं दूध ढवळत चांगलं उकळलं, की तो बराच जातो. चहात मला ते आवडत नाही. उकळत्या चहात कधीकधी फाटतं, आणि न फाटलं तरी दाण्याची चव पत्तीवर चढून बसते. विरजण लावलं तर लॅक्टोज नसल्यामुळे चमचाभर साखर घालावी लागते, दहीही सैलसरच लागतं. पण जिरं, हिरवी मिरची आणि आमसूल घालून त्याची पातळ आमटी करा. दाण्याचा कूट घातलेल्या आमटीपेक्षा ती हलकी होते, घशाला कूट लागत नाही, आणि गरम भगरीवर ती फारच छान जमते. उरलेला चोथा मिरची-लसणाबरोबर तव्यावर परतला की भाकरीशी चटणी झाली. करताना दाणे मात्र एकेक बघून घ्यावेत. सुरकुतलेला, काळा पडलेला किंवा कडू लागणारा दाणा फेकून द्यावा, कारण अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही.